शेपटी विसरू नये

पाठीवर मोटार आणि पंखा, डोक्यावर कापडाचा लांबरुंद पंख. समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून माणूस चार पावले धावतो आणि पाहता पाहता हवेत जातो. या साधनाला पॅरामोटर म्हणतात. त्याचे व्हिडिओ नववी-दहावीची मुले मोबाइलवर डोळे विस्फारून पाहतात आणि घरी विचारतात, ‘अब्बा, मी उडू का?’ बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते, ‘गप्प बैस, हातपाय मोडून घेशील.’ एखादे काका म्हणतात, ‘उडू द्या हो, नशिबात असेल ते होईल.’ माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

उडण्याची ओढ जुनीच आहे. नवव्या शतकात अंदलुसमधील कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होऊन गेले. वाळूपासून काच, पाण्यावर चालणारे घड्याळ असे त्यांचे अनेक उद्योग. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी नोंदवले आहे की, इब्न फिरनास यांनी अंगावर पिसे चढवली, दोन पंख बांधले आणि ते बरेच अंतर हवेतून गेले. उतरताना मात्र त्यांच्या पाठीला मार लागला. कारणही मक्करींनी दिले आहे. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो आणि इब्न फिरनास यांनी शेपटी लावलीच नव्हती. आज चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे.

शेपटीचे महत्त्व आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस आकाश पतंगांनी भरून जाते. पतंग गोते खाऊ लागला की त्याला शेपटी लावावी, हे लहान मूलही जाणते. वर जाण्याचा आनंद सगळ्यांना दिसतो, पण तोल सांभाळण्याची आणि सुखरूप खाली येण्याची व्यवस्था आधीच करावी लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या सिन्नर तालुक्याने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून निघाले, २१,०२७ मीटर उंचीवर पोहोचले आणि पांचाळे गावाजवळ सुखरूप उतरले. उंचीचा तो जागतिक विक्रम ठरला. तेव्हा त्यांचे वय ६७ होते. त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे विसाव्या भागाइतकाच उरतो. म्हणून ते उघड्या टोपलीत न बसता बंद, दाब राखणाऱ्या कुपीत बसले होते. शिवाय ते नवखे नव्हते. १९८८ मध्ये त्यांनी मायक्रोलाइट या अगदी हलक्या विमानातून एकट्याने इंग्लंड ते भारत हा प्रवास २३ दिवसांत केला होता.

याउलट जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातील केरी येथे पॅराग्लायडिंग करताना एक पर्यटक तरुणी आणि तिच्यासोबतचा पायलट असे दोघेही मृत्युमुखी पडले. ज्या कंपनीमार्फत ते उड्डाण झाले, तिच्या मालकावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

आपण नुसते ‘नाही’ म्हटल्याने विषय संपत नाही. मुलगा असो की मुलगी, उद्या मित्रमैत्रिणींबरोबर सहलीला जातील आणि घरी न सांगता उडून येतील. म्हणून त्यांना प्रश्न विचारायला शिकवू या. उडवणाऱ्याकडे परवाना आणि परवानगी आहे का? राखीव पॅराशूट आहे का? हेल्मेट नीट बसते का? मांडीचे पट्टे कोणी दुसऱ्याने तपासले का? वजनाची मर्यादा किती? वारा कसा आहे? भर दुपारी जमीन तापली की हवा वर उसळते आणि कापडी पंख दुमडू शकतो. पंख उंचावर दुमडला तर सावरायला वेळ मिळतो, जमिनीजवळ तो मिळत नाही. म्हणून जाणकार सकाळी लवकर किंवा सायंकाळी उडतात.

एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर भरलेले पैसे गेले तरी चालतील, पण मागे फिरावे. मित्र हसले तरी मागे फिरावे. हेही धाडसच आहे आणि ते घरातच शिकवावे लागते. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नशिबाचे नाव घेऊन पट्टे सैल ठेवणे त्या शिकवणीत बसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाने ‘उडू का?’ असे विचारले, तर त्याला आधी विचारा, ‘उतरणार कसा?’ त्याचे उत्तर शोधता शोधता तो वारा, वजन आणि यंत्र यांबद्दल पुष्कळ काही शिकेल. कदाचित त्यातूनच एखादा चांगला वैमानिक किंवा अभियंताही घडेल.