खेळाचा तास कोणी पळविला?

आपल्या शाळांच्या वेळापत्रकात एक तास असा आहे की, ज्याला कोणी वाली नाही. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला, की बळी जातो तो खेळाच्या तासाचा. स्नेहसंमेलनाची तालीम आली, घ्या खेळाचा तास. तपासणी आली, घ्या खेळाचा तास. दहावीच्या वर्गात तर तो वेळापत्रकाची शोभा म्हणूनच उरतो. पालकही कुरकुरत नाहीत. मुलाचे चाळीस मिनिटे उंडारणे वाचले म्हणून उलट समाधान मानतात. माझ्या मते ही उघड चोरी आहे, आणि तिची भरपाई पुढे मुलाच्या हृदयाला करावी लागते.

हृदयविकार म्हणजे उतारवयाचा रोग, अशी आपली भाबडी समजूत. तिला १९५३ सालीच तडा गेला. कोरियाच्या युद्धात पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने झाली. सरासरी वय बावीस. वरून सारे धडधाकट. त्यांपैकी शेकडा ७७ जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा सापडल्या. पुढे अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बोगालुसा या गावी १९७३ पासून मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यातून दिसले ते असे की, रोहिण्यांत चरबीच्या रेघा बालपणीच उमटू लागतात. म्हणजे पन्नाशीत जे झाड कोसळते, त्याला वाळवी लागते ती शाळेच्या वयात!

ही वाळवी लागते कशी? ठेच लागली की अंगठा सुजतो, लाल होतो, ठणकतो. हा दाह म्हणजे शरीराचा पहारेकरी. काम संपले की तो निजतो. पण पोटात साठलेली चरबी आणि बैठे जिणे यांमुळे दुसराच एक दाह अंगात घर करतो. त्याला ना ताप, ना ठणका. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो धुमसतो आणि रोहिण्यांच्या भिंती पोखरतो. त्याची चाहूल रक्तातील सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन या द्रव्यावरून लागते. यकृतात बनणारे हे द्रव्य १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात प्रथम सापडले. आता असे आढळते की, ज्या मुलांचा दमसास कमी आणि कमरेचा घेर अधिक, त्यांच्या रक्तात ते सरासरीने जास्त असते. उलट, राबणाऱ्या स्नायूंतून दाह शमविणारी द्रव्ये रक्तात उतरतात. पळणे हे असे घरचे औषध आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘आमचा बंड्या तर काडीसारखा, त्याला कसली चरबी?’ त्यांनी पुण्याकडे पाहावे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता-बालकांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालक सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडातले ३.५ किलोचे. पण आपल्या बाळाच्या अंगी कमी पडतो तो मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने राखलेली असते. बारीक दिसणारी आणि आतून मेदस्वी अशी ही आपली प्रजा! तेव्हा वजनकाट्यावर विसंबून ‘सर्व क्षेम’ म्हणणे ही आत्मवंचना आहे. ज्याच्या अंगी जन्मतः स्नायू थोडा, त्याचा खेळ आपण आधी तोडतो.

दुसरी मंडळी म्हणतील, ‘मग मुलांचे रक्त तपासून घेऊ.’ तपासणीचा धंदा करणारे टपलेलेच आहेत! सरसकट साऱ्या मुलांच्या दंडात सुई टोचण्याची काही गरज नाही. मैदानाला दोन फेऱ्या मारताना मूल धापा टाकते का, एवढे पाहावे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची अंगमेहनत सांगते. २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे जगातील ११ ते १७ वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी ८१ जणांना तेवढीही घडत नव्हती. मुलींची स्थिती याहून वाईट. ‘आता मोठी झालीस’ म्हणून आपण मुलीला बाराव्या वर्षीच मैदानावरून उठवतो; मग आकडा चांगला यावा कोठून?

कायदा मात्र सुरेख आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान सांगितले. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक सांगितला. पण मैदानावर मोटारी उभ्या आणि खेळाच्या तासाला भूमितीची प्रमेये, मग त्या कायद्याने करावे काय?

माझी मागणी साधी आहे. मूल एक दिवस गैरहजर राहिले, तर शाळा पालकांकडून कारणाची चिठ्ठी मागते. तोच न्याय शाळेलाही लागू करा. ज्या दिवशी खेळाचा तास बुडेल, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी कारण लिहून, खाली सही करून, चिठ्ठी पालकांकडे धाडावी. आणि पालकांनी ती जपून ठेवावी. मागे पडलेले गणित पुढच्या वर्षी भरून काढता येते. दहाव्या वर्षीचे धावणे चाळिसाव्या वर्षी कोणी उसने देत नाही.