लिस्बनचे विमान आणि पेडण्याची ओसरी

माझ्या थोरल्या बहिणीचे घर पेडण्यास आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चार दिवस तेथे राहण्याचा योग आला आणि चारही संध्याकाळी मी घरापुढच्या ओसरीवर बसून एकच विषय ऐकला : हॉलिवूडचे जुने चित्रपट आणि त्यांतले नटनटी. कोकणच्या टोकाला, लाल मातीच्या आणि देवळांच्या त्या गावात ग्रेगरी पेक आणि हंफ्रे बोगार्ट यांच्यावर दिवेलागणीपासून जेवणाच्या हाकेपर्यंत वाद चालतो, हे बडोद्यात कोणाला सांगितले तर तो हसेल. मीही पहिल्या दिवशी मनात हसलो. चौथ्या दिवशी हसू आले नाही. का, ते वाचकांस सांगावे म्हणून हा लेख.

मंडळी थोडी. भावोजी स्वतः, शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, डिचोलीहून बसने येणारे, खाणीच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात जन्म घालवलेले एक स्नेही, आणि दाराच्या आत, पाटावर बसून सगळे ऐकणाऱ्या भावोजींच्या काकी, वय नव्वदीला टेकलेले. तरुणपणी म्हापशाच्या थिएटरात, पुढे व्हिडिओ कॅसेटवर आणि आता नातवंडांनी लावून दिलेल्या पडद्यावर, असे या मंडळींचे चित्रपट पाहणे साठ वर्षे चालू आहे.

ही माणसे चित्रपट कसे जोखतात, हे पाहण्यासारखे आहे. पेडणे महाल हा दशावताराचा मुलूख. जत्रेत रात्रभर बसून, लिहिलेली संहिता नसताना नट केवळ स्वतःच्या वाणीवर आख्यान कसे उभे करतो, हे पाहतच यांची नजर तयार झाली. म्हणून गुरुजी पेकला ‘राजपार्टी’ म्हणतात. तो आला की रंगमंच भरतो, आवाज न चढवता भरतो, हे त्यांचे म्हणणे. बोगार्ट राजपार्टी नव्हे. पण शब्द कमी आणि वजन जास्त, असा नट जत्रेत एखादाच निघतो, असे भावोजींचे मत. आमच्याकडचे विद्वान समीक्षक परकी पुस्तके उघडून जे सांगतात, ते येथे घरच्याच मापाने मोजलेले मी ऐकले, आणि माप खोटे वाटले नाही.

डिचोलीकरांचे दैवत डेव्हिड निव्हन. ‘सेपरेट टेबल्स’साठी १९५८ सालचे ऑस्कर त्याला मिळाले, हे ते घरच्या कार्यासारखे सांगतात. त्याच ओघात मर्ल ओबेरॉन निघाली. १९३९ च्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये ती आणि निव्हन पती-पत्नी झाले होते. ही बाई मुंबईत १९११ साली जन्मली. पण आपला जन्म टास्मानियात झाला, असे तिने आयुष्यभर जगाला सांगितले. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये हिंदुस्थानी रक्ताची नायिका चालली नसती. डिचोलीकर हे सांगून गप्प बसले आणि मग म्हणाले, “आपण तिचे चित्र भिंतीवर लावत होतो, आणि ती आपला पत्ता लपवीत होती.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

हॉलिवूड गोव्याच्या दारात आले त्याची हकीगत तर निघणारच. १९८० च्या ‘द सी वुल्व्ह्ज’चे चित्रीकरण गोव्यात झाले. पेक, निव्हन, रॉजर मूर आणि ट्रेव्हर हॉवर्ड असे चौघे एका चित्रात. दिग्दर्शक अँड्र्यू मॅकलॅग्लेन हा ‘द इन्फॉर्मर’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या व्हिक्टर मॅकलॅग्लेनचा मुलगा, ही माहिती गुरुजींची. कथा खरी घडलेली आहे. १९३९ साली महायुद्ध पेटताच काही जर्मन जहाजे मुरगाव बंदरात आश्रयाला शिरली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून बंदरही तटस्थ. त्यांतल्या ‘एहरेनफेल्स’वरून ब्रिटिश जहाजांच्या बातम्या जर्मन पाणबुड्यांना पोहोचतात, असा इंग्रजांना संशय होता. उघड हल्ला करता येईना. तेव्हा कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पथकातले, बोअर युद्धानंतर ज्याने लढाई पाहिली नव्हती अशा पथकातले, पोट सुटलेले कंपनीवाले गोरे ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी जहाजावर धाड घातली. ‘एहरेनफेल्स’ बुडाले, इतर जहाजे खलाशांनीच आपल्या हातांनी बुडवली. ही गोष्ट पस्तीस वर्षे गुपित राहिली आणि १९७८ साली जेम्स लीझरच्या पुस्तकातून जगापुढे आली.

चित्रपट निघाला तेव्हा निव्हन सत्तर वर्षांचा आणि पेक चौसष्टचा. म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांची भूमिका केली म्हणून काही समीक्षक हसले असतील. ओसरीवर कोणी हसले नाही. भावोजींची तक्रार मात्र वेगळी. ते म्हणाले, “चित्रात गोवा दिसतो. समुद्र दिसतो, माड दिसतात, नाच दिसतो. पण गोव्याचा माणूस बोलतो कुठे?”

तिसऱ्या दिवशी ‘कॅसाब्लांका’ लागला. १९४२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला प्रथम दाखवलेला आणि १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला. म्हणजे मुरगावच्या धाडीच्या जेमतेम दोन महिने आधीचा. नाझींच्या तावडीतून सुटू पाहणारी माणसे मोरोक्कोत अडकली आहेत, आणि सगळ्यांचे डोळे एका गावाकडे लागले आहेत : लिस्बन. तटस्थ पोर्तुगालची राजधानी, अमेरिकेला जाण्याचा दरवाजा. हे नुसते नाटक नव्हते. त्यात जुगाराच्या टेबलावरची भूमिका करणारा ज्यू नट मार्सेल दालिओ आणि त्याची बायको मॅदलेन लेबो ही दोघे स्वतः पॅरिसहून लिस्बनमार्गेच पळून आली होती. शेवटी धुक्यात इन्ग्रिड बर्गमन विमानाकडे जाते, बोगार्ट मागे राहतो. मंडळींनी सुस्कारा टाकला. मीही टाकला.

तेवढ्यात आतून काकी म्हणाल्या, “त्या शिनेमांतलीं माणसां सुटपाक लिस्बनाक वतात. आमकां लिस्बनापसून सुटपाचें आशिल्लें.”

त्या माणसांना सुटण्यासाठी लिस्बनला जायचे होते. आम्हांला लिस्बनपासून सुटायचे होते. ‘कॅसाब्लांका’वर मी बरेच वाचले आहे. हे वाक्य कोठेही वाचले नव्हते, आणि पेडण्यावाचून ते कोठे लिहिले जाण्यासारखेही नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८१ नंतरच्या सात-आठ वर्षांत, डिचोली आणि पेडणे पोर्तुगिजांकडे गेले. या ‘नव्या काबिजादी’. तेथील घरात मराठी पोथी वाचली जाई आणि हुकूम लिस्बनहून येई. सालाझारचे लिस्बन दालिओला उघडे होते. त्याच लिस्बनच्या राज्यात मडगावला १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांना सभेत बोलू दिले नाही. मराठी शाळामास्तर मोहन रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले ते १९६९ च्या जानेवारीत, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत सुधीर फडके होते, हे संगीताच्या वेडाने वाढलेल्या आपल्या घरांत तरी ठाऊक असावे.

आणि पत्रादेवी तर याच महालाच्या वेशीवर. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमा ओलांडू लागले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे त्या दिवशी पडली. पत्रादेवीला पंजाबचा कर्नेलसिंग पडला, मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. आज तेथे हुतात्मा स्मारक आहे. काकी तेव्हा नव्या सुनेच्या वयाच्या होत्या. ओसरीवर साठ वर्षे चित्रपटांच्या गप्पा चालल्या. त्यांना त्या दिवसाबद्दल कोणी विचारले नव्हते. गुरुजींना पेकच्या प्रत्येक चित्रपटाचे साल तोंडपाठ आहे. त्यांनी मान खाली घातली.

त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझे धाकटे काका त्या ऑगस्टात बडोद्याहून सत्याग्रहाला गेले होते. सीमेपलीकडे पोलिसांनी चोपले आणि परत आणून टाकले; उजव्या हाताचे एक बोट कायमचे वाकडे झाले. पुढे रविवार सकाळच्या इंग्रजी खेळाला ते मला नेत. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ मी त्यांच्या मांडीशी बसून पाहिला. त्यातही पेक आणि निव्हन. त्या तोफा कशा उडवल्या, हे मी त्यांना दहा वेळा विचारले असेल. तिकिटे धरलेले ते वाकडे बोट माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि त्याबद्दल एकदाही विचारले नाही. नॅव्हरोन हे बेट जगाच्या कोणत्याही नकाशावर नाही. पत्रादेवी आहे. काका जाऊन आता बरीच वर्षे झाली.

आपल्यातले काही वडीलधारे या हॉलिवूडवेडाला गुलामी म्हणतात. मला ते मान्य नाही. चांगल्या नटाला चांगला म्हणण्यात कसली गुलामी? परका चित्रपट पाहिल्यानेच काकींचे ते वाक्य बाहेर आले. नुसते ‘स्वातंत्र्यलढ्याविषयी सांगा’ म्हटले असते, तर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या असत्या. माझी तक्रार रसिकांविषयी आहे, आणि त्यांत मी पहिला. आपण नटाची उंची, लग्ने आणि बक्षिसे मोजून थांबतो. दूरचे चित्र पाहताना जवळचे माणूस बोलू लागते, तेव्हा आवाज वाढवून त्याला गप्प करतो. गोव्याच्या लढ्यावर अब्बास यांनी १९६९ साली ‘सात हिंदुस्थानी’ काढला. आज तो अमिताभ बच्चनचा पहिला चित्रपट म्हणून आठवतो. ते सात जण कशासाठी निघाले होते, हे किती जणांना आठवते?

२००४ पासून पणजीला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, ही आनंदाची गोष्ट. पण चित्रपट पाहणे ही अर्धीच रसिकता. दुसरी अर्धी ओसरीवर घडते, आणि ती ओसरी ओस पडत चालली आहे. नातवंडे तेच चित्रपट पाहतात. पण एकटी, कानांत बोंडे घालून. त्यांच्या ‘कॅसाब्लांका’च्या शेवटी आतून कोणी बोलले, तरी ऐकू जाणार नाही.

म्हणून एक साधी सूचना. बडोदे असो, इंदूर असो की पेडणे, जुना चित्रपट घरात लावाल तेव्हा त्याचे साल पाहा आणि घरातल्या सर्वांत थोर माणसाला जवळ बसवून विचारा : हे चित्र निघाले त्या वर्षी आपल्या घरी काय चालले होते? प्रश्नाला खर्च नाही. उत्तराला मुदत आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री मी तो प्रश्न काकींना विचारला. त्या बऱ्याच वेळ सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, दिवाळीनंतर ये, सगळे सांगते; पण आधी तुझ्या त्या पेकचा स्कुटरावरचा शिनेमा मला पुन्हा दाखव. ‘रोमन हॉलिडे’ घेऊन मी कार्तिकात पेडण्यास जाणार आहे. या खेपेस वहीही नेणार आहे.