मत देण्याआधी देशाचा सातबारा



शेजारची जमीन विकाऊ आहे असं कळलं, की आपण आधी सातबारा काढून आणतो. इतर हक्कात सोसायटीचा, बँकेचा बोजा आहे का ते बघतो. माती कितीही काळीभोर असो, बोजा पाहिल्याशिवाय कुणी इसार देत नाही. मग पाच वर्षांसाठी देश कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना, देशावरच्या बोजाबद्दल आपण चकार शब्द का काढत नाही?

मी सरकारी नोकर. मत कुणाला द्यावं हे सांगणं माझं काम नव्हे. पण निवडणुकीचा आणि खताच्या पोत्याचा संबंध मी घरात पाहिला आहे, तेवढा सांगतो.

१९८९ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या पारावर दोनच विषय होते, बोफोर्स तोफा आणि दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी. दोन्ही महत्त्वाचेच. पण त्या दशकात केंद्र सरकार रोजचा खर्च भागवायलाही कर्ज काढू लागलं होतं, हे कुणी बोललं नाही. कर्ज काढून विहीर खणली, तर तिचं पाणी कर्ज फेडतं. कर्ज काढून किराणा भरला, तर फेडायचं कशातून? वक्त्यांनी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावलं, तेल भडकलं आणि झाकली मूठ उघडली. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाजवळ दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं. मे महिन्यात, पुन्हा निवडणूक चालू असतानाच, २० टन सोनं परत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं गेलं. जुलैत आणखी सुमारे ४७ टन सोनं विमानाने लंडनला जाऊन गहाण पडलं. अडचणीत घरातली पाटली मोडावी, तशी ही गत.

त्याची झळ बांधावर यायला वेळ लागला नाही. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांचे भाव सरासरी ४० टक्क्यांनी वाढले. ओरड झाली तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना सूट मिळाली. ऑगस्ट १९९२ मध्ये मात्र स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं भावनियंत्रणच उठलं. युरिया तेवढा स्वस्त राहिला.

त्या रब्बीत माझे वडील डीएपी न घेताच दुकानातून परतले. गाडीत नुसता युरिया. गहू हिरवागार दिसला, पण दाणा पोचट भरला. वडील एवढंच म्हणाले, "असं काही होणार, हे एकाही सभेत कानावर आलं नव्हतं." मी तेव्हा शेतकीच शिकत होतो. नत्राबरोबर स्फुरद, पालाश हवंच, हे मला ठाऊक होतं. पैसे कुठून आणायचे, ते ठाऊक नव्हतं.

बंधूंनो, कर्ज वाईट नाही, अनुदानही वाईट नाही. हिशेब न विचारणं वाईट. २०२५-२६ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात येणाऱ्या दर रुपयातले २४ पैसे कर्जाचे होते आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजात जाणार होते. रुपया कसा येतो, कसा जातो, याचं चित्र दर फेब्रुवारीत वर्तमानपत्रात छापून येतं. ते कापून भिंतीवर लावा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. घरातल्या बायकांनाही ऐकू द्या. घरखर्चाची तोंडमिळवणी त्याच करतात, त्यांना ते लवकर उमगेल.

आणि पुढच्या निवडणुकीत कुणीही दाराशी आलं, कोणत्याही पक्षाचं, तर पाणी द्या, बसवा आणि दोन गोष्टी विचारा. "दादा, हे देणार ते कशातून? आणि कर्ज काढणार असाल, तर त्याची विहीर होणार की किराणा?"

उत्तर आलं नाही, तर सातबारा न दाखवता इसार मागणाऱ्याला आपण काय सांगतो, ते आठवा.