‘देता येईल’ आणि ‘देण्यात येईल’

दिल्लीतील तत्कालीन आम आदमी पक्षाच्या सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘देश के मेंटॉर’ ही योजना मोठ्या समारंभाने सुरू केली. सरकारी शाळांतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांशी स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांनी रोज दहा मिनिटे दूरध्वनीवर बोलावे, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात आणि हे नाते किमान दोन महिने टिकवावे, अशी तिची साधी कल्पना होती. ज्या घरातून महाविद्यालयाची पायरी आजवर कोणीच चढलेले नाही, त्या घरातील मुलाला उपदेशापेक्षा प्रवेशाचा अर्ज समजावून सांगणारे थोरले भावंड हवे असते. योजनेने हे नेमके हेरले होते.

तथापि काही महिन्यांतच राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने योजना स्थगित ठेवण्यास सांगितले. मार्गदर्शकांची पोलिस पडताळणी झालेली नाही आणि मानसशास्त्रीय चाचणी हा तिला पर्याय ठरू शकत नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. पालकांची संमती घेतली जाते, मुलींना स्त्री-मार्गदर्शकच दिल्या जातात, असे सरकारचे उत्तर होते. पुढे जे व्हायचे तेच झाले. एका पक्षाला त्यात केंद्राचे राजकारण दिसले, दुसऱ्याला राज्याची प्रसिद्धीची हाव, आणि मूळ प्रश्न बाजूला पडला.

वस्तुतः दोन्ही बाजूंकडे अर्धे सत्य होते. एकाकी मूल परक्याच्या गोड शब्दाला लवकर भुलते, म्हणून पडताळणी हवीच. परंतु धोक्याच्या भीतीने सोबतच नाकारली, तर ते मूल सुरक्षित होत नाही. ते पुन्हा एकटे पडते. प्रश्न स्वयंसेवकांच्या सद्हेतूचा नाही. त्यांची पारख कोणी करायची, मुलाला मधूनमधून कोणी विचारायचे आणि एक स्वयंसेवक निघून गेल्यावर दुसरा कोणी द्यायचा, हा आहे. ही कामे उत्साहाची नव्हेत, यंत्रणेची आहेत.

या यंत्रणेची सर्वाधिक निकड आहे ती बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना. बाल न्याय कायद्याच्या विधेयकावर डिसेंबर २०१५ मध्ये राज्यसभेत चर्चा झाली, तेव्हा दिल्लीतील २०१२ च्या अत्याचार प्रकरणातील अल्पवयीन आरोपीची सुटका नुकतीच झाली होती. साहजिकच सारा रोख सोळा ते अठरा वयोगटातील गंभीर गुन्ह्यांवर राहिला. त्या गदारोळात कलम ४६ कडे फारसे लक्ष गेले नाही. संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साह्य ‘देता येईल’, असे हे कलम म्हणते; ‘देण्यात येईल’ असे म्हणत नाही. या दोन शब्दप्रयोगांतील अंतर फायलींत आयुष्य गेलेल्या वाचकांना सांगावयास नको. शिवाय, कायद्याच्या व्याख्येत एकवीस वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणात ‘आर्थिक किंवा अन्य’ साह्य येते. प्रत्यक्ष कलमात मात्र आर्थिक तेवढे उरले. नियमावलीत समुपदेशनाचा उल्लेख असला, तरी ‘अन्य’ म्हणजे माणूस, आणि माणूस पुरवण्याचे बंधन कोणावरच नाही.

पैसा गौण आहे असे नाही. ‘मिशन वात्सल्य’मध्ये दरमहा ४ हजार रुपयांच्या साह्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिले, हे पाऊलही मोलाचे होते. पण आरक्षण मिळवण्यासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. आणि भाड्याची खोली घ्यावयाची तर ओळखीचे कोण, हा घरमालकाचा पहिला प्रश्न असतो. इतरांच्या मागे तेथे आई-वडील उभे असतात. या मुलाच्या मागे कोण?

कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१ मध्ये योजना आणली. तिच्यात वयाच्या तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये मिळण्याची सोय आहे आणि पालकत्वाची भूमिका जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. हेतू स्तुत्यच, परंतु जिल्हाधिकारी बदलून जातो, पद तेवढे राहते. पदाला सही करता येते, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन घेता येत नाही.

म्हणूनच कायद्यातील ‘देता येईल’ बदलून ‘देण्यात येईल’ करावे आणि साह्याच्या व्याख्येतील ‘अन्य’ कलमातही आणावे. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने पोलिस पडताळणी झालेल्या स्वयंसेवकांची सूची ठेवावी. दोन महिन्यांऐवजी किमान एका वर्षाची बांधिलकी मागावी. आणि दर तिमाहीस अहवाल स्वयंसेवकाकडून नव्हे, मुलाकडून घ्यावा. यास फार मोठी तरतूद लागणार नाही. ज्याचे बालपण शासनाने स्वतःच्या छपराखाली सांभाळले, त्याला अठराव्या वाढदिवशी दाराबाहेर सोडून देणारे शासन पालक म्हणवून घेऊ शकत नाही. संसदेने ही दुरुस्ती करण्यासाठी एखाद्या दुर्घटनेची वाट पाहू नये.