चारही इंजेक्टर बदला म्हणे!

पूर्ण बंद पडलेली गाडी मेकॅनिकला आवडते. ती खोटं बोलत नाही. खरा छळ करते ती अधूनमधून मिसिंग मारणारी डिझेल गाडी. चढावर दोन झटके देईल, एखाद्या ट्रकला ओव्हरटेक करताना क्षणभर दम सोडेल, आणि गॅरेजच्या दारात उभी केली की अशी चालेल, जणू काल शोरूममधून आणली आहे. अशा गाडीपायी आपल्या माजी सैनिक मंडळींचे किती पैसे जातात, हे मी इतक्या वर्षांच्या ईएमईच्या नोकरीत पाहत आलोय. कँटीनच्या सवलतीत घेतलेली गाडी, पेन्शनीतून जपलेली, आणि गॅरेजवाला एका वाक्यात निकाल देतो : ‘चारही इंजेक्टर बदला, साहेब.’

माझं मत सरळ आहे. येऊन-जाऊन असणारा दोष एकदा तरी डोळ्यांनी दिसल्याशिवाय किंवा आकड्यात पकडल्याशिवाय गाडीचा एकही पार्ट बदलू नये. पार्ट बदलणं आणि दुरुस्ती करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे बोलायला सोपं, करायला अवघड, असं काही जण म्हणतील. म्हणून एका गाडीची गोष्ट पुढे सांगतो, पण आधी थोडं इंजिनाबद्दल.

मिसफायर हा शब्द आपल्याला रेंजवर पहिल्यांदा भेटतो. ट्रिगर दाबला आणि गोळी सुटली नाही, तर शस्त्र टारगेटच्याच दिशेला धरून थांबायचं. लगेच बोल्ट उघडून आत डोकवायचं नाही. गाडीचं मिसिंग वेगळं, त्यातही पेट्रोल आणि डिझेलमध्ये मोठा फरक. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग असतो, कॉइल असते. संशय घ्यायला जागा ठरलेली. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, त्यात डिझेलचा फवारा मारायचा, तो आपोआप पेटतो. म्हणजे हवा, दाब आणि योग्य क्षणी योग्य मापाचं डिझेल, एवढंच लागतं. यातलं एक जरी क्षणभर हुकलं तरी ठोका चुकतो. चार सिलिंडरचं इंजिन २००० आरपीएमला फिरत असेल, तर एकेक सिलिंडर मिनिटाला १००० वेळा पेटत असतो. त्यातले चार-दोन चुकले तरी सीटवर बसलेल्या माणसाला कळतं.

कारणं मात्र ढीगभर, आणि पोस्टिंगप्रमाणे बदलणारी. लेहला साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहतो आणि थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरमध्ये बसतं. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं, त्याआधी टाकीखाली आग पेटवणारे ट्रकवाले आम्ही पाहिले आहेत. आसामात पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरतं. फिल्टरखालचा ड्रेन उघडला की आधी पाणीच येतं. राजस्थानात धुळीने एअर फिल्टर भरतो. या सगळ्यांची लक्षणं गाडीत बसलेल्याला सारखीच वाटतात : झटका. म्हणून ‘माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असंच होत होतं, त्याने अमुक बदललं,’ हा सल्ला मी कानाआड करतो.

आता गोष्ट. पठाणकोटच्या पोस्टिंगमध्ये आमच्या शेजारच्या युनिटचे एक सुभेदार साहेब होते, कोरेगाव तालुक्यातले. चार महिन्यांनी पेन्शन. घरचं सामान ट्रकने पाठवायचं आणि स्वतः वहिनी व म्हाताऱ्या आईला घेऊन गाडीने साताऱ्याला जायचं, असा बेत. दोन हजार किलोमीटरचा रस्ता आणि गाडी मिसिंग मारतेय. एका गॅरेजने डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने स्कॅनर लावला, कोड आला पी-०२०२, आणि त्याने कागदावर लिहून दिलं : चार इंजेक्टर, लेबरसह ६८,००० रुपये. ते पैसे साहेबांनी गावच्या घराच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवलेले होते.

‘उस्ताद, कोडच सांगतोय दोन नंबरचा इंजेक्टर गेला. मग खोटं काय त्यात?’ साहेब म्हणाले.

इथेच गोम आहे, आणि माझा सगळा राग या जागेवर आहे. पी-०२०२ या कोडचा अर्थ ‘दोन नंबरचा इंजेक्टर खराब’ असा नाही. त्याचा अर्थ ‘दोन नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष’. सर्किट म्हणजे ईसीयूपासून इंजेक्टरपर्यंतची वायर, मधला कपलर, त्यातल्या पिना आणि शेवटी इंजेक्टरची कॉइल. कोडने मोहल्ला दाखवला. घर शोधायचं काम माणसाचं. शिवाय दोन नंबरच्या तक्रारीवर बाकीचे तीन कशासाठी बदलायचे? ‘एकाचं झालं म्हणजे बाकीच्यांचंही होणारच,’ हे गॅरेजचं उत्तर. या हिशेबाने एका दातासाठी बत्तीसही काढावे लागतील.

मी स्कॅनरला हात लावला नाही. साहेबांना म्हटलं, एक वही करा. आपल्याकडे फौजी गाडीला कार डायरी असते, फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड असते; ड्रायव्हरने गाडीचं अंग रोज पाहावं म्हणूनच ती पद्धत आहे. स्वतःची गाडी घेतली की मात्र आपण ते सारं युनिटच्या गेटवर ठेवून येतो. साहेब गाडी चालवणार, म्हणून लिहिण्याचं काम वहिनींनी घेतलं. शेजारच्या सीटवर बसून दर झटक्याला वेळ, गियर, अंदाजे वेग, चढ की सपाट, एसी चालू की बंद, इंजिन गरम की थंड. पंधरा दिवसांत, डलहौसीच्या रस्त्यावरची एक फेरी धरून, २३ नोंदी झाल्या. अक्षर सुंदर, आणि एका नोंदीपुढे ‘सासूबाईंना मळमळ’ असंही लिहिलेलं.

त्या २३ पैकी १९ नोंदी पहिल्या-दुसऱ्या गियरमधल्या. स्पीड ब्रेकरवरून उठताना, चढावर वळण घेताना. पाचव्या गियरमध्ये ऐंशीच्या वेगाने सरळ जाताना एकही नाही. एसीचा संबंध नाही, गरम-थंडचा नाही, टाकीतल्या डिझेलचा नाही. वही माझ्या हातात देताना वहिनी म्हणाल्या, ‘भाऊ, गाडी जोर लावते तेव्हा होतं. पळते तेव्हा नाही.’ इतकं नेमकं निदान मी पगारी माणसांकडून फार कमी वेळा ऐकलंय.

खालच्या गियरमध्ये जोर लावला की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं. इंजेक्टर कललेला-सरळ ओळखत नाही, वायर ओळखते. तरी उडी मारली नाही. आधी इंजेक्टरला निर्दोष सुटायची संधी द्यायची. स्कॅनरवर आयडलिंगचे आकडे पाहिले. प्रत्येक सिलिंडरला ईसीयू किती डिझेल वाढवून किंवा कमी करून देतोय, ते त्यात दिसतं. चारही जवळजवळ सारखे. मग रिटर्न तपासलं. इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या सोडवून सारख्या मापाच्या चार बाटल्यांत घालायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. आतून झिजलेला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो, त्याची बाटली आधी भरते. इथे चारही बाटल्या एका ओळीत. या दोन तपासण्यांना तासही लागला नाही आणि ६८,००० चा कागद तिथेच रद्द झाला.

मग बॉनेट उघडून हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, साहेबांना दुसऱ्या गियरमध्ये हलकेच क्लच सोडायला लावला. (गाडीसमोर कोणी उभं राहायचं नाही, मी बाजूला होतो.) इंजिन जरुरीपेक्षा जास्त उचललं गेलं. माउंटिंगचं रबर फाटलेलं. आणि इंजिन उचललं की इंजेक्टरच्या वायरिंगचा कोट एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर ताणून घासत होता. कोट कापून पाहिला तर दोन नंबरच्या वायरचं आवरण गेलेलं, आतल्या तांब्याच्या तारा बहुतेक तुटलेल्या. दोन-तीन तारांवर संसार चाललेला. जोर लावला की सुटायचं, सैल सोडलं की जुळायचं. वायर नवी जोडली, वर स्लीव्ह घातली, क्लिपने ब्रॅकेटपासून लांब बांधली, माउंटिंग नवं टाकलं. सगळं मिळून तीन हजारांच्या आत.

जुने लोक विचारतील, एवढ्या बाटल्या-वह्या कशाला? शक्तिमानच्या काळात तर उस्ताद चालू इंजिनात एकेका नोझलचा नट ढिला करायचा आणि आवाजात फरक पडला नाही तो सिलिंडर खोटा. खरं आहे, त्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात ही रीत चालायची. पण कॉमन रेल गाडीत हे कोणी करू नका, हात जोडून सांगतो. गाडी नुसती उभी असतानाच रेलमध्ये २५० बारच्या आसपास दाब असतो, जोरात १६०० आणि त्याहून वर. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन भरतो. ती सुईसारखी धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते, आणि आत पसरलेल्या डिझेलमुळे बोट किंवा हातही कापावा लागू शकतो. कान ठेवा जुनेच, चांगले आहेत. पाने मात्र खाली ठेवा.

गॅरेजवाल्याची बाजूही सांगायला हवी. त्याला शोधण्याचे पैसे कोणी देत नाही. दोन तास बॉनेटमध्ये डोकं घालून त्याने ‘इंजेक्टर ठीक आहेत, वायर तुटलीय’ असं सांगितलं, तर आपण पन्नास रुपये पुढे करतो आणि म्हणतो, एवढंच तर होतं. पार्ट बदलला की मात्र हजारोंचं बिल निमूट भरतो. तो शोधेल कशाला? म्हणून मी आता ओळखीच्यांना सांगतो की गाडी देतानाच बोला : शोधण्याचे तासाप्रमाणे वेगळे पैसे देतो, पार्ट बदलायच्या आधी आकडे दाखव. अशा बोलीवर काम करणारा मेकॅनिक गावोगावी एखादा तरी असतो. बहुधा त्याचं दुकान छोटं असतं.

आणि कधीकधी इंजेक्टर खरंच गेलेला असतो. एक बाटली इतरांच्या आधी भरली, आकडा एकाच सिलिंडरचा वेडावाकडा आला, तर बदलावाच लागेल. तेव्हा एक विचारा : नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूमध्ये भरला का? बऱ्याच गाड्यांत तो भरावा लागतो, नाहीतर नवा इंजेक्टर जुन्याच्या मापाने चालतो, इंजिन खडखडतं, आणि तुम्हाला सांगतात, ‘नवा आहे, बसेल हळूहळू.’ तो बसत नाही. खालचं तांब्याचं वॉशर नवं टाकलं का, तेही पाहा. आणि काढलेला जुना इंजेक्टर पिशवीत घालून परत मागा. तो तुमचा आहे.