चित्रकथाकाराची मजुरी आणि मालकी

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी एक कागद घेऊन माझ्याकडे आला. कापूस वेचणाऱ्या मुलीवर त्याने चोवीस पानांची चित्रकथा स्वतःच लिहिली व रेखाटली होती. एका प्रकाशकाने ती मागितली होती. ठरावीक रक्कम एकदाच मिळावयाची आणि कथा, चित्रे व पात्रे यांवरील सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे जावयाचे, असा त्या कागदाचा आशय होता. रक्कम वाईट नव्हती. मुलाच्या घरी निकडही होती. सही करू का, एवढेच त्याला विचारावयाचे होते.

यवतमाळच्या माणसाला हा व्यवहार अपरिचित नाही. कापूस आपण कच्चा विकतो. त्याचे सूत व कापड अन्यत्र होते आणि वाढलेले मोलही तेथेच राहते. परंतु कापसाचे कापड एकदाच विकले जाते, चित्रातले पात्र मात्र पिढ्यान्‌पिढ्या विकले जाते. जेरी सीगल व जो शूस्टर या अमेरिकन तरुणांनी १९३८ साली ‘सुपरमॅन’चे हक्क अवघ्या १३० डॉलरना दिले. त्यांना वर्षासन मिळाले ते १९७५ साली, तेही वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर!

आपल्याकडे राम वाईरकरांचे (१९३६-२००३) उदाहरण पाहावे. अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ मालिकेतील ‘कृष्ण’ त्यांनी रेखाटला. १९८३ साली ‘टिंकल’मध्ये अवतरलेल्या सुप्पंडीला चेहरा दिला तोही त्यांनीच, त्यांच्या पश्चात कन्या अर्चना आंबेरकर यांनी ते काम चालविले. २००७ साली ही प्रकाशने नव्या कंपनीकडे गेली आणि पात्रेही त्यांच्याबरोबर गेली. सुप्पंडी ठाऊक नसलेली शाळकरी मुले थोडी. वाईरकरांचे नाव त्यांच्या किती शिक्षकांना सांगता येईल?

कागद, छपाई, वितरण यांची जोखीम प्रकाशक उचलतो, हा युक्तिवाद खोटा नाही. बहुतेक पुस्तके तोट्यात जातात, हेही खरे. पण जोखमीची भरपाई नफ्यातील मोठ्या वाट्याने होऊ शकते; मालकी कायमची घेण्याचे समर्थन त्यातून होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क विकल्यावरही कर्तेपण सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. आमच्या वाणिज्याच्या वर्गात करारांचा कायदा शिकविला जातो, पण ही कलमे मी स्वतःदेखील त्या दिवशी प्रथमच बारकाईने वाचली.

‘कायमचे’ हा शब्द खोडून तेथे ‘पाच वर्षे’ लिहावे आणि पात्रांवरील हक्क राखून ठेवावा, असे मी त्याला सुचविले. त्याने तसे करून कागद परत पाठविला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. परवा त्याचे वडील बाजारात भेटले. “सर, पैसे तर गेले ना?” एवढेच ते म्हणाले.