अक्षरबंदी आणि अक्षरपरीक्षा

आमचें सारें आयुष्य मुलांच्या परीक्षा घेण्यांत गेलें. श्लोक म्हणवून घ्यावा, संधि सोडवावयास सांगावा, चुकला कीं गुण कापावे. हा क्रम इतका अंगवळणीं पडला होता कीं, परीक्षा घेणाऱ्याचीही कधीं परीक्षा व्हावी, हा विचार मनास शिवलाच नाहीं. सेवानिवृत्तीनंतर सवडीनें अमेरिकेचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां तो प्रथम सुचला. तोच आज वाचकांपुढें मांडीत आहों.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कापसाची व तंबाखूची शेती आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांच्या व त्यांच्या वंशजांच्या श्रमावर चालत असे. १८६० च्या शिरगणतींत गुलामांची संख्या सुमारें ४० लक्ष भरली. माणसांचा बाजार भरे, आईपासून मूल तोडून विकलें जाई, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु गुलामाच्या शरीराइतकाच त्याच्या बुद्धीचाही बंदोबस्त मालकांनीं केला होता, याकडे फारसें लक्ष जात नाहीं. नॉर्थ कॅरोलायना संस्थानानें १८३० सालीं कायदा केला कीं, गुलामास लिहिणें-वाचणें शिकविणें हा गुन्हा होय. गोऱ्या माणसानें शिकविल्यास दंड किंवा तुरुंग. एका गुलामानें दुसऱ्यास शिकविल्यास उघड्या पाठीवर ३९ फटके. अपवाद एकच ठेवला होता: अंक शिकविण्यास मनाई नव्हती! हेतु उघड आहे. गुलामास मोजतां येणें मालकाच्या सोयीचें होतें, वाचतां येणें नव्हतें.

मेरीलँड संस्थानांत गुलाम म्हणून जन्मलेला फ्रेडरिक डग्लस लहानपणीं बाल्टिमोर शहरीं एका घरीं कामास होता. घरच्या बाई भोळ्या मनानें त्यास मुळाक्षरें शिकवूं लागल्या. यजमानांस हें कळतांच त्यांनीं बाईंस दटावलें कीं, वाचावयास शिकलेला गुलाम कोणत्याच उपयोगाचा राहत नाहीं. मुलानें तें ऐकलें, आणि आपल्या मुक्तीची वाट कोठून जाते हें त्यास उमगलें. पुढें रस्त्यावरील गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यानें त्यांच्याकडून धडे घेतले. १८३८ सालीं डग्लस पळून मुक्त झाले. १८४५ त त्यांनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. १८४७ त स्वतःचें वर्तमानपत्र काढलें. यजमानांचें भाकित अक्षरशः खरें ठरलें.

यादवी युद्धानंतर, १८६५ च्या डिसेंबरांत, घटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. १८७० सालीं दुसरी दुरुस्ती होऊन, वर्णाच्या कारणावरून कोणाचें मत हिरावूं नये असें ठरलें. त्या दिवसांत आजे आणि नातू एकाच शाळेंत मुळाक्षरें गिरवीत. मरण्यापूर्वीं बायबल स्वतः वाचतां यावें अशी वृद्धांची मोठी आकांक्षा होती, असें बुकर वॉशिंग्टन यांनीं नमूद केलें आहे. ते स्वतः गुलामगिरींत जन्मलेले होते.

आमच्या पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें अमेरिकेंतील सज्जनांस, त्यांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं केलेल्या त्यागाच्या गौरवार्थ, अर्पण केलें. परंतु ज्या महिन्यांत जोतीराव निवर्तले, त्या १८९० च्या नोव्हेंबरांतच, पहिल्या तारखेस, मिसिसिपी संस्थानानें नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्यांत मतदारावर कर बसविला होता. शिवाय अशी अट घातली होती कीं, मतदारास घटनेचें कलम वाचतां यावें, किंवा तें ऐकून समजावें अथवा त्याचा सयुक्तिक अर्थ सांगतां यावा. अटींत वर्णाचा शब्दही नव्हता. अर्थ सयुक्तिक कीं अयुक्त हें ठरविणारा अंमलदार मात्र गोरा असे. अडाणी गोऱ्यास सोपें कलम मिळे, शिकलेल्या कृष्णवर्णीयास अवघड मिळे, आणि निकाल अंमलदाराच्या मर्जीवर राही. लुइझियानानें १८९८ सालीं याहून पुढची मजल मारली. ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या १ जानेवारीस मतदार होता, त्यास परीक्षा माफ! त्या दिवशीं तेथें कृष्णवर्णीयांस मताचा हक्कच नव्हता, हें सांगणें नलगे. त्या संस्थानांत १८९६ सालीं १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार होते; १९०० सालीं ५,३२० उरले.

ज्यांनीं बापाच्या हातांतील पुस्तक कायद्यानें काढून घेतलें, तेच आतां मुलास विचारीत होते, ‘तुला वाचतां कां येत नाहीं?’

याला उत्तर देणारांत एक शिक्षिका होत्या. सेप्टिमा क्लार्क यांनीं सुमारें ४० वर्षें साउथ कॅरोलायनांत अध्यापनाचें काम केलें. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेचें सभासदत्व त्या सोडीनात, म्हणून १९५६ सालीं त्यांची नोकरी गेली. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीनें १९५७ च्या जानेवारींत जॉन्स बेटावर, एका दुकानाच्या मागच्या खोलींत, प्रौढांची रात्रशाळा सुरू झाली. पुढें वाणसामान मांडलेलें असे, म्हणजे कोणास संशय येऊं नये. शिकविण्याचें काम बर्निस रॉबिन्सन यांजकडे दिलें. त्यांचा धंदा केशरचनेचा. पंतोजीपणाचा ताठा नसलेलें मनुष्यच तेथें हवें होतें. आपण शिक्षिका नसून सर्वांनीं मिळून शिकावयाचें आहे, असें सांगून, तुम्हांस काय शिकावयाचें आहे, हा प्रश्न त्यांनीं पहिल्यानें केला. कोणास आपली सही करावयाची होती, कोणास मनिऑर्डरचा कागद भरावयाचा होता. तेथून आरंभ करून ती मंडळी घटनेच्या कलमांपर्यंत पोहोंचली, आणि पुढें अशा शाळा दक्षिणभर निघाल्या.

अखेर ६ ऑगस्ट १९६५ रोजीं मताधिकाराचा कायदा होऊन, जेथें अन्याय चाले अशा प्रांतांत ती परीक्षा बंद झाली. मिसिसिपींत मतदार-यादींतील कृष्णवर्णीयांचें प्रमाण शेकडा सुमारें ७ होतें, तें दोन वर्षांत सुमारें ६० झालें. तंटा तेवढ्यानें मिटला नाहीं. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या कायद्यांतील एक मुख्य तरतूद निष्प्रभ केली.

हें वाचतांना आम्हांस एक वर्ग आठवला. एका विद्यार्थ्यानें धडा वाचतांना ‘पाणी’ या शब्दाचा उच्चार ‘पानी’ असा केला. वर्ग हसला. आम्हीही हसलों, आणि उच्चाराचा गुण कापला. त्याच्या घरीं पाठ्यपुस्तकांखेरीज छापील कागद नव्हता, हें आम्हांस ठाऊक होतें. आपल्या वाडवडिलांनीं अक्षर कोणाकोणास नाकारलें, हेंही ठाऊक होतें. तो मुलगा पुन्हा आपण होऊन वाचावयास उभा राहिला नाहीं. नियमाप्रमाणें आमचें कांहींच चुकलें नव्हतें. मिसिसिपीच्या अंमलदारासही असेंच वाटत असेल.

वाचकहो, धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंबरोबर एखादी मुलगी आपल्या घरीं येत असेल. तिला घरांतील मुलांच्या पंक्तीस बसवून हवें तें पुस्तक वाचूं द्यावें. ‘न’ आणि ‘ण’ यांचा हिशेब मागाहून पाहतां येईल.